झुलालनानांना न ऐकू आलेली शिट्टी

झुलालनाना नारखेडे आमच्या गिरणीच्या फुटबॉल संघाला शिकवायला धुळ्यात आले, तेव्हा मी गिरणीच्या हपिसात कारकून होतो आणि संघाचा गोलकीपर. माझे वडील मांगीलालजी यांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान. ओसवालाच्या मुलाने गुडघे फोडून घेत चेंडू अडवावा हे त्यांना कधी पटलं नाही. पण तो विषय वेगळा. सांगायचं आहे ते नानांबद्दल. त्यातलं थोडंच मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाकीचं मला त्यांच्या पत्नी प्रमिलाअक्का आणि आमच्या गिरणीतले मुकादम रुपचंदभाऊ यांच्याकडून कळलं. नाना स्वतःविषयी बोलतच नसत.

ते मूळचे असोद्याचे. जन्म १९०६ चा. घरी काळी जमीन, कपाशी, थोडी केळी. थोरले भाऊ कौतिक शेती बघायचे आणि धाकट्याला तिथे करण्यासारखं फार नव्हतं. गावातला एकजण भुसावळला रेल्वेत होता, त्याने खटपट करून नानांना बॉयलर शॉपात लावून दिलं. मिसरूड फुटायचं होतं तेव्हा.

इंजिनाचा बॉयलर दुरुस्त करायचा म्हणजे त्याचे जाड पत्रे एकमेकांना रिव्हेटांनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी, जोडायचे. लालभडक रिव्हेट भोकात घालतात, बाहेरून दोघेजण घण मारतात, आणि बॉयलरच्या पोटात एक माणूस त्या रिव्हेटच्या डोक्याला लोखंडाचा ठोकळा टेकवून, खांद्याचा जोर लावून बसलेला असतो. नाना अंगाने सडपातळ, म्हणून आत जाणारा माणूस बहुतेक वेळा तेच. एखाद्या मोठ्या घंटेच्या आत बसावं आणि बाहेरून तिला दिवसभर कोणीतरी बडवावं, तसं ते काम. कानात कापसाचे बोळे घालायचे. कापूस तेवढा घरचा होता, असोद्याहून आई पाठवायची.

संध्याकाळी सुटी झाली की यार्डापलीकडच्या मैदानावर फुटबॉल चाले. गोरे ड्रायव्हर, गार्ड यांचा संघ बूट घालून खेळायचा. आपल्या कामगारांचा संघ अनवाणी. नाना आधी नुसतेच कुंपणाशी उभं राहून बघायचे, मग कोणी आलं नाही म्हणून त्यांना आत घेतलं. वर्षभरात ते सेंटर हाफ झाले. मैदानाच्या बरोबर मधला माणूस. पुढे गोल मारणारे, मागे अडवणारे, आणि मधे हा एकटा. दोन्हीकडचं काम त्याचं आणि नाव मात्र कोणत्याच बाजूला नाही. पण नानांचं नाव झालं. ते फार धावत नसत. चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभे असत, आणि चेंडू पायाशी येण्याआधी त्यांनी तो कोणाला द्यायचा हे ठरवलेलं असे. लोक त्यांना ‘मधला झुलाल’ म्हणू लागले. सावद्याहून, रावेरहून माणसं सामना बघायला गाडीने येत. नाशिकला, नागपूरला ते खेळून आले. देवळालीच्या पलटणीचा संघ एकदा भुसावळला आला होता. सामना संपल्यावर त्यांच्या गोऱ्या कप्तानाने मैदान ओलांडून येऊन नानांचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर शॉपात त्यावर दिवसभर बोलणं चाललं.

असोद्याला मात्र यातलं काही पोचत नसे. सुटीत घरी गेले की आई विचारायची, “चेंडू खेळता म्हने तुम्ही. येवढे मोठे झाले अन् चेंडू?”

नाना हसायचे. काय सांगणार?

सावद्याच्या प्रमिलाअक्कांशी त्यांचं लग्न झालं. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांचा संसार सुरू झाला. मूलबाळ पुढे झालं नाही. सामन्याला बायका जात नसत, त्यामुळे नवऱ्याचा खेळ अक्कांनी कधी पाहिलाच नाही. शेजारणी सांगायच्या तेवढं त्यांना माहीत.

त्या सुमारास एका संध्याकाळी एक गोष्ट झाली. सामना चालू होता. यार्डात एक इंजिन मैदानाच्या अगदी जवळ येऊन उभं राहिलं. नानांचं लक्ष गेलं तर त्याच्या शिट्टीतून पांढरी वाफ उसळलेली दिसली. जवळचे दोन खेळाडू दचकले, एकाने कानावर हात ठेवला. नानांना काहीही ऐकू आलं नाही. कापसाचा बोळा राहिला असेल म्हणून त्यांनी कानात बोट घातलं. कान मोकळा होता.

ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही.

अक्कांना ती आपोआप कळली. त्या मला म्हणाल्या होत्या, “मी चुलीपाशी पाठमोरी बसून बोलायची तं हे उत्तरच देत नव्हते. मले वाटलं राग आला. मंग एक दिवस मी तोंड फिरवून तेच बोलली तं लगेच बोलले. तव्हा समजलं.” त्यांनीही नवऱ्याला काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांच्याकडे तोंड करूनच बोलायचं, हळू बोलायचं, आणि संध्याकाळी चिमणी आपल्या चेहऱ्याजवळ ठेवायची असं त्यांनी सुरू केलं. नाना त्यांच्या ओठांवरून सगळं ओळखू लागले. दोघांनी ते शब्दात कधी मांडलं नाही. दिवा मालवला की दोघांचं बोलणं संपायचं.

मैदानावर अडचण कमी होती. तिथे कान नसले तरी चालतं असं नानांना वाटलं असावं. सोबत्यांच्या हाका ऐकू येत नव्हत्या, म्हणून ते आणखी बघू लागले. खेळ उलट सुधारला. शिट्टी वाजली की बाकीचे थांबतात, ते थांबले की आपण थांबायचं, असा हिशेब त्यांनी बसवला होता. पाच-सहा वर्षं तो चुकला नाही. सांगितलं असतं तर संघातून काढलं असतं, आणि इंजिनं येतात-जातात अशा जागी बहिऱ्या माणसाला कामावर कोण ठेवणार, ही दुसरी भीती. म्हणून तोंड बंद.

१९३३ च्या हिवाळ्यात भुसावळच्या मैदानावर शिल्डचा अंतिम सामना झाला. एकीकडे नानांचा संघ, दुसरीकडे आमच्या धुळ्याच्या गिरणीचा. मी तेव्हा संघात नव्हतो. आमच्याकडून रुपचंदभाऊ पुढे खेळत होते. खानदेशात त्यांच्याइतका चपळ खेळाडू त्या वेळी दुसरा नसेल. त्या दिवशी त्यांनी नानांना दोनदा चकवलं आणि लोकांनी टाळ्या पिटून, नावं घेऊन नानांची चेष्टा केली. नानांना चेष्टा ऐकू आली नाही, पण लोकांना काय माहीत?

तिसऱ्यांदा रुपचंदभाऊ चेंडू घेऊन आले तेव्हा पंचाने ऑफसाइडची शिट्टी वाजवली. रुपचंदभाऊ थांबले. पाय सैल सोडून, मान वळवून पंचाकडे बघू लागले. नाना त्या वेळी चेंडूवर नजर लावून पूर्ण जोराने येत होते. बाकी कोण थांबलं हे बघायला वेळच नव्हता. त्यांचा पाय चेंडूला लागला आणि तसाच रुपचंदभाऊंच्या नडगीवर गेला.

हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला, असं तिथे असलेले लोक सांगतात. नानांना तोही आला नाही. पायाला काही लागल्याचं कळलं तेवढंच, आणि ते तसेच चेंडूमागे धावत राहिले.

शिट्टीनंतर मारलं. चकवलं त्याचा राग काढला. सगळ्या मैदानाचं हेच मत झालं आणि बघणाऱ्याच्या जागी मी असतो तर माझंही झालं असतं. स्पर्धेच्या कमिटीने नानांना बोलावून विचारलं, “शिट्टी झाली होती की नाही?”

कमिटीला प्रश्न दोनदा विचारावा लागला, कारण पहिल्यांदा नानांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा ओठ ओळखून ते म्हणाले, “चूक झाली.”

“मुद्दाम मारलं?”

“चूक झाली,” ते परत म्हणाले. त्यापुढे एक शब्द नाही.

त्यांना कायमची बंदी घातली गेली. त्यांच्याच संघातले सोबती त्यांच्याशी बोलेनासे झाले. अर्थात ते बोलत नाहीत हे नानांना कळायलाही थोडा वेळ लागला असेल. सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा खेळ संपला. सकाळी बॉयलर शॉप, संध्याकाळी घर. मैदानावरून जाणारा रस्ता सोडून ते लांबच्या फाटकाने घरी येऊ लागले. अक्का म्हणायच्या की त्या वर्षांत घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज असायचा, आणि तोही एकट्या त्यांनाच ऐकू यायचा.

चार वर्षं गेली. एका रविवारी दुपारी लंगडत एक माणूस चाळीत आला आणि झुलाल नारखेड्यांचं घर विचारू लागला. अक्कांनी दार उघडलं. रुपचंदभाऊ होते. त्यांचा पाय जुळला होता, पण आखूड झाला होता. ते आता गिरणीत मुकादम होते. नाना खाटेवर बसलेले. पाहुण्याला बघून ते उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. बस म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

रुपचंदभाऊ बोलू लागले. पण ते बोलत होते आमच्या धुळ्याकडची अहिराणी. नानांना ओठ वाचता येत ते असोद्या-सावद्याच्या बोलीचे. भाऊंच्या ओठांवर त्यांना काहीच सापडेना. त्यांनी अक्कांकडे बघितलं.

“काय म्हनता हे?”

अक्कांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ त्यांना म्हणाले, “बाई, त्यासले सांगा. त्यासले शिट्टी ऐकू वनी नही, हाई माले तवयच समजनं व्हतं. मी खाले पडेल व्हतू. बठ्ठा लोके आरडी राहिंथात, पंच शिट्टीवर शिट्टी वाजाडी राहिंथा, आन हाऊ मानूस चेंडूमागे पयी राहिंथा. मंग मी त्यासना तोंडकडे दखं. हाऊ मानूस बहिरा शे, माले समजनं.”

अक्कांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राहिला. जी गोष्ट नवरा-बायकोत कधी उच्चारली गेली नव्हती ती परका माणूस येऊन दारात बोलला होता, आणि आता त्यांनाच ती नवऱ्याला सांगायची होती. त्या नानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सावकाश म्हणाल्या, “हे म्हनता का तुम्हाले शिट्टी ऐकूच आली नव्हती. त्याईले तव्हाच समजलं व्हतं.”

नाना खाली बसले. मग त्यांनी अक्कांना विचारलं, “मंग यानं तव्हाच कमिटीले काऊन नही सांगितलं?”

अक्कांनी ते भाऊंना विचारलं. रुपचंदभाऊ मला हा प्रसंग सांगायचे तेव्हा इथे येऊन नेहमी थांबायचे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “राग व्हता. मना खेळ गया व्हता. त्यासनाबी जाऊ दे, आसं वाटनं.” आणि मग, “आते राग नही शे. गिरणीना संघले शिकाडनारा मानूस जोयजे. मी त्यासले लेवाले येल शे.”

असे नाना धुळ्याला आले. भुसावळहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलून धुळे. गिरणीच्या बॉयलरवर फिटर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि संध्याकाळी पांझरेच्या काठच्या मैदानावर संघ त्यांच्या ताब्यात आला. अक्का मागाहून सामान घेऊन आल्या.

पहिल्या दिवसाचे नाना मला आठवतात. डोक्याला काळी टोपी, धोतर खोचलेलं, पाय अनवाणी. ते आमच्यासमोर उभे राहून बोलू लागले आणि पहिल्या रांगेतल्यालाही ऐकू गेलं नाही. आपला आवाज किती मोठा येतो हे त्यांना कळत नसे. मैदानावर मोठ्याने बोलायचं तर ते पुटपुटायचे, आणि एकदा एकवीरेच्या देवळात अक्कांच्या कानाशी काही सांगायला गेले तर सगळा सभामंडप वळून बघू लागला.

आमच्या संघात सेंटर हाफला भिकन होता. सुताचे उभे धागे भरतात त्या ताणाखात्यातला, तगडा, आणि आपल्याला शिकायचं काही उरलेलं नाही असं ठाम मत असलेला. नानांची पाठ वळली की तो काहीतरी बोले आणि सगळे हसत. नाना वळत तेव्हा हसणं चेहऱ्यांवर शिल्लक असे.

“काय म्हणाला?” ते विचारत.

“काही नाही, नाना.”

बहिऱ्या माणसाला जन्मभर सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर हेच असावं. घरी, कामावर, दुकानात, लग्नात. काय झालं? काही नाही. नाना ते उत्तर घ्यायचे आणि परत विचारायचे नाहीत.

त्यांनी आम्हाला आधी ओरडायला बंदी केली. खेळताना कोणी कोणाला हाक मारायची नाही. माझी तर पंचाईत झाली. गोलकीपरचं निम्मं काम तोंडाचं. मी तक्रार केली तर ते माझ्याजवळ आले आणि माझी हनुवटी धरून मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

“हाक मारली की माणूस तुझ्याकडे बघतो,” ते म्हणाले. “म्हणजे चेंडूवरची नजर गेली. त्याला आधीच माहीत पाहिजे तू कुठे आहेस.”

रोज सराव असाच चाले. तोंडं बंद, डोळे उघडे. ते स्वतः मधे उभे राहायचे आणि ज्याने बघितल्याशिवाय चेंडू दिला त्याच्याकडे जाऊन त्याची मान वळवायचे. मैदानावर पायांचा आणि चेंडूचा तेवढा आवाज. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघायच्या. गावात आम्हाला ‘मुका संघ’ म्हणू लागले.

भिकनने महिनाभर दाद दिली नाही. मग एका संध्याकाळी नानांनी त्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी स्वतः खेळायला उभे राहिले. चार वर्षांत त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. पहिले काही चेंडू सुटले. भिकन काठावरून हसला. पण मग ते मधे रुळले, आणि थोड्या वेळाने आमच्या लक्षात आलं की आम्ही सगळे आपोआप योग्य जागी धावतोय, कारण चेंडू तिथेच येतोय. मी मागून बघत होतो. त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. घरी आल्यासारखा. अंधारून आलं तेव्हा ते थांबले, आणि लगेच तो चेहरा मिटला.

दुसऱ्या दिवशी भिकन त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “नाना. माले. शिकाडा.”

नानांना ते कळलं. अहिराणी त्यांना हळूहळू जमू लागली होती. पण खरी जमली ती भिकनचीच. बाकी आम्ही बोलताना विसरायचो, मान फिरवायचो, तोंडात पान असायचं. भिकन कधी विसरला नाही.

१९४० साली आम्ही शिल्डच्या अंतिम सामन्याला पोचलो. सामना भुसावळला, त्याच मैदानावर, रेल्वेच्या संघाशी. नाना यायलाच तयार नव्हते. रुपचंदभाऊंनी त्यांना जवळजवळ ओढून गाडीत बसवलं. लोकांनी त्यांना ओळखलं आणि कुंपणाकडून बरंच काही बोललं गेलं. ते ऐकायला नाना सोडून आम्ही सगळे होतो.

सामना आम्ही एका गोलने जिंकलो. भिकनने मधून दिलेल्या चेंडूवर गोल झाला. अकराजणांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. भुसावळचे लोक आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी टाळ्या वाजवू लागले. आम्ही नानांना खांद्यावर घेतलं. वरून ते चहूकडे बघत होते, आणि कशाला धरावं ते न कळून त्यांनी भिकनचे केस धरले होते.

खाली उतरल्यावर त्यांचे रेल्वेतले जुने सोबती भोवती जमले. एकाच वेळी पाच-सहाजण बोलत होते. एका वेळी एक माणूस असेल तर नाना ओठ ओळखायचे, इथे त्यांना काहीच लागेना. अशा वेळी ते जे करायचे तेच त्यांनी केलं. हसून मान हलवू लागले. हो, हो.

त्या घोळक्यात एक म्हातारा फोरमन होता. त्याने विचारलं, “झुलाल, आता तरी खरं सांग. तेव्हा त्या पोराला तू मुद्दामच मारलं होतंस ना?”

नाना त्याच्याकडे बघून हसले आणि त्यांनी मान हलवली. हो.

मी शेजारीच होतो. तेवढ्यात रुपचंदभाऊ लंगडत पुढे आले. फोरमनच्या छातीवर हात ठेवून त्यांनी त्याला मागे सारलं आणि मोठ्याने, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलू लागले. हा पाय माझा मोडला, तर बोलायचा हक्कही माझाच, असं म्हणाले. या माणसाला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. शिट्टी याने ऐकलीच नाही. ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुमच्या बॉयलरात कान घालवले याने, आणि तुम्ही याच्याशी बोलणं सोडलं. भाऊ रागावले की अहिराणी सोडून शुद्ध बोलायचे, तसं त्या दिवशी बोलले. शेवटी त्यांचा आवाज फाटला.

त्या म्हाताऱ्या फोरमनने टोपी काढली. एकाने येऊन नानांच्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसऱ्याने. एकजण तर रडू लागला.

नाना एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. लोकांचे चेहरे का पालटले, हा माणूस का रडतोय, रुपचंद कशावर एवढा चिडलाय, त्यांना काही कळत नव्हतं. सात वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी तोंड मिटलं होतं ती गोष्ट त्या मैदानावर प्रत्येकाने ऐकली होती. ऐकली नव्हती ती फक्त त्यांनी.

“काय झालं?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझेच ओठ थरथरत होते. त्यांना ते वाचता आलं नसावं. “असू दे,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत पोरं गात होती, शिल्ड हातोहात फिरत होतं. नाना खिडकीशी बसून बाहेर बघत होते. घरी पोचल्यावर रुपचंदभाऊंनी सगळं अक्कांना सांगितलं आणि अक्कांनी नानांना समोर बसवून, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता परत सांगितलं. नाना लक्ष देऊन बघत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “मले वाटलं कोनी वारलं.”

पुढची दोन-तीन वर्षं संघाचं नाव गाजत होतं. मग लढाईमुळे गिरणीत पाळ्या वाढल्या, सरावाला माणसं जमेनात. पण नानांचं खरं नुकसान झालं ते १९४४ मध्ये. अक्कांना मुदतीचा ताप आला आणि तापातच त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या बडबडत होत्या आणि नाना उशाशी वाकून त्यांचे ओठ बघत होते. ग्लानीतले ओठ वाचता येत नाहीत. “काय म्हणतेय ती?” ते मला सारखं विचारायचे. मी जमेल तसं सांगत होतो. त्यात काही अर्थ लागत नव्हता, सावद्याच्या कोणा मैत्रिणींची नावं होती बहुतेक.

त्यानंतर नाना फार कमी बोलू लागले. मैदानावर यायचे, मान वळवायचे, खांदे धरून माणसाला त्याच्या जागी नेऊन उभं करायचे. शब्द वापरायचं त्यांनी जवळजवळ सोडलं. मला वाटतं, ज्या बोलीत ते विचार करत ती बोली धुळ्यात अक्कांच्याच तोंडी होती. रविवारी रुपचंदभाऊ त्यांच्याकडे जेवायला जायचे. दोघे समोरासमोर बसून भाकरी खायचे आणि जेवण झालं की भाऊ उठून यायचे.

१९४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी गिरणी सोडली आणि असोद्याला थोरल्या भावाकडे गेले. भिकन त्यांना चाळीसगावपर्यंत पोचवायला गेला होता. संघाला तेव्हापासून तोच शिकवतो.

मी एव्हाना गिरणी सोडून वडिलांचं दुकान बघत होतो. त्या दिवाळीनंतर कापडाच्या कामासाठी मला जळगावला जावं लागलं, तेव्हा मी असोद्याला जाऊन आलो. नाना मळ्यात कपाशी वेचत होते. गावातले लोक त्यांच्याशी बोलताना कानाशी ओरडतात असं दिसलं, आणि नाना त्यावर निमूट मान हलवतात. इथे फुटबॉल कोणाला ठाऊक नव्हता. कौतिकआबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “काय रे बाप्पा, धुळ्याले खरंच याईचं नाव व्हतं का?”

“होतं,” मी म्हणालो. त्यांनी भावाकडे नव्याने बघितलं.

मग नाना आणि मी बांधावर समोरासमोर बसलो. आणि मला नवल वाटलं, कारण नाना बोलू लागले. भिकन बघून चेंडू देतो का? डावीकडे आता कोण? गोलात तू नाहीस तर कोण उभा राहतो? रुपचंदचा पाय थंडीत दुखतो का? मी एकेक उत्तर देत होतो आणि ते डोळ्यांची पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे बघत होते. एक संपलं की दुसरं. माझ्याकडचं सांगण्यासारखं सगळं संपलं तरी त्यांचं विचारणं संपेना. मी दुकानाचं सांगितलं, वडिलांच्या दम्याचं सांगितलं, पांझरेला या साली पूर किती आला ते सांगितलं.

जळगावची गाडी चुकेल म्हणून शेवटी मी उठलो. ते माझ्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत आले.

“अजून काही?” त्यांनी विचारलं.

मी थोडा विचार केला आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं की भिकनला गेल्या महिन्यात मुलगी झाली.

“नाव काय ठेवलं?”

“प्रमिला,” मी म्हणालो.

त्यांनी मला ते परत म्हणायला लावलं.